कॅप्टनने डोलकाठी का तोडली?

धुळ्याच्या पितांबर संपादकांचं पत्र येऊन तीन वर्षं झाली होती आणि शालिग्राम नानांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र काही रागाचं नव्हतं, उलट कौतुकाचंच होतं. ‘आपण लिहिलेलं कॅप्टन एलायस वॉरेनचं चरित्र आमच्या त्रैमासिकात छापू. फक्त एक शंका. ऐन वादळात हा माणूस स्वतःच्याच जहाजाची डोलकाठी कुऱ्हाडीने तोडायला लावतो, ते का? वाचक विचारतील. चार ओळी लिहून पाठवा.’

त्या चार ओळींपाशी सगळं अडलं. फैजपूरच्या शाळेत तीस वर्षं पुस्तकं सांभाळलेल्या नानांना भुसावळच्या रद्दीत एक जुनं इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, आणि त्यातून हा वॉरेन त्यांच्या घरात शिरला होता. तेराव्या वर्षी जहाजावर चढलेला. अमेरिकेचं आरमार म्हणजे मोजकी जहाजं, त्या काळातला. त्रिपोलीच्या किनाऱ्यावर कैद भोगलेला, पुढे इंग्रजांच्या तोफांसमोर उभा राहिलेला, आणि उतारवयात एखादं जहाज मिळावं म्हणून सरकारकडे अर्ज करत बसलेला. नानांना त्याचं सगळं कळे, अर्ज तर फारच कळत. डोलकाठी तेवढी कळत नव्हती. पुस्तकात एवढंच होतं, की जहाज कुशीवर कललं, काठी तोडली आणि जहाज वाचलं. ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही त्याने यावर काय लिहायचं?

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्याच्या सत्तावीस तारखेला त्रैमासिकाचा नवा अंक आला. शेवटच्या पानावर चौकट होती : पुढचा अंक अखेरचा, साहित्य एकतीस मेपर्यंत पोचावं.

“अहो, तो तुमचा कप्तान तीन वर्षं वादळात उभा आहे,” त्यांच्या पत्नी शेवंताबाई ताक घुसळता घुसळता म्हणाल्या. “किनाऱ्याला तरी लावा त्याला, नाहीतर बुडवून मोकळे व्हा.”

नाना चपला घालून मळ्याकडे निघाले. शेजारच्या मळ्यातल्या निंबा नावाच्या शेतकऱ्याची केळी घडांनी वाकली होती. दुपार कलली होती आणि पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं होतं. बघता बघता वारा सुटला आणि बांधावरची शेवरीची झाडं जमिनीला टेकायला लागली.

“नाना, उभे काय राह्यले? बांबू द्या इकडे!” निंबा ओरडला.

त्याच्यासमोर एक झाड घडासकट कललं होतं, एका बाजूची मुळं उघडी पडली होती. निंबाने विळा काढला आणि सपासप त्याची पानं उतरवायला सुरुवात केली.

“अरे, हिरवीगार पानं! स्वतःच्या हाताने कापतोस?”

“वारा झाडाले नाही धरत नाना, पानाले धरतो! पानं देऊन टाकायची त्याले, झाड आपल्याले ठेवायचं. पान काय, फिरून येईल. लावा खांदा!”

नानांनी खांदा लावला. पानं उतरवलेलं झाड दोघांच्या रेट्याने वर आलं आणि निंबाने खाली बांबूचा टेकू ठोकला.

“डोलकाठी!” नाना किंचाळले.

“काय झालं? इंचू चावला का?”

नाना धोतर सावरत धावत सुटले होते. शिडं! वाऱ्याने जहाज नव्हतं धरलं, काठी, दोर, फाटकी शिडं धरून तो ते आडवं पाडत होता! वॉरेनने काठी वाऱ्याला देऊन टाकली आणि जहाज ठेवलं! वाटेत एक चप्पल तुटली, ती त्यांनी तिथेच सोडली.

घरी येऊन त्यांनी उभ्यानेच लिहिलं. चार ओळींच्या नऊ झाल्या. खाली लिहिलं : ‘मी समुद्र पाहिलेला नाही. हे मला निंबाच्या केळीच्या बागेत समजलं.’ मग हात थबकला. धुळ्याची विद्वान मंडळी हसतील. खोडावं? त्यांनी पेन टेकवलंही. मग पेन उचललं आणि पाकीट चिकटवलं.

पोस्टात रमजान डाकेच्या पिशवीचं तोंड बांधत होता. मोहोर लावायची लाख वितळून तयार होती आणि बाहेर डाक नेणारी एस.टी. हॉर्न देत होती.

“नाना, पिशवी बांधली. आता उद्या.”

“रमजानभाई, उद्या मी हे फाडून टाकीन,” नाना धापा टाकत म्हणाले. “मला माझा भरवसा नाही.”

रमजानने त्यांच्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं. “कोनाले एवढं तातडीनं लिव्हलं?”

“संपादकांना. तीन वर्षांपूर्वीच्या पत्राला.”

“या अल्ला! ही तातडी?” रमजान हसत सुटला. हसता हसताच त्याने सुतळीची गाठ सोडली, पाकिटावर ठप्पा मारला आणि ते पिशवीत टाकलं.