शुक्रवारच्या यादीतली बारावी

घाबरू नका, मी एक ब्रँच बोलतेय. घाबरलेली मी आहे. तुम्ही आपलं निवांत बसून ऐका.

ब्रँच म्हणजे बँकेची नव्हे हो! माझं गाव म्हणजे कॉम्प्युटरमधला कोड. तिथं एक मुख्य कोड असतो, त्याला सगळे 'मेन' म्हणतात. लोकांच्या फोनवर जे चालतं ते मेनमधलं. म्हणून मेनमध्ये थेट कुणी हात घालायचा नाही, अशी रीत आहे. ज्याला काही बदल करायचा असेल त्यानं मेनची एक नक्कल काढायची, तिच्यात काय हवी ती मोडतोड करायची, आणि काम जमलं की तेवढा बदल मेनमध्ये मिसळायचा. या मिसळण्याला मर्ज म्हणतात. ती नक्कल म्हणजे मी. मर्ज झालं की आमचं काम संपतं आणि आम्हाला पुसून टाकतात. त्याचं दुःख नाही. न मिसळताच पुसली गेले तर, या विचारानंच माझ्या पोटात गोळा येतो. आता मला पोट कुठलं म्हणा! पण गोळा येतो.

आमचं ऑफिस भरे गावच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. माणसं सात. खाली हवा भरायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर टेबलावरचे चहाचे कप थरथरतात. या सात जणांनी एक अ‍ॅप केलंय. कुणाला साप चावला तर कुठल्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन शिल्लक आहे, ते त्यात दिसतं. शिल्लक असेल तर हिरवी खूण, संपलं असेल तर लाल. मुळशीच्या डोंगरातल्या वाड्यांवर आशाताई असतात ना, त्यांच्या फोनमध्ये ते टाकून दिलंय.

माझा जन्म एका प्रश्नातून झाला. हुमा नावाची आमच्या ऑफिसातली मुलगी अ‍ॅप कसं चालतं ते बघायला एका वाडीवर गेली होती. हुमा पौडची, बाजारातल्या जैनुद्दीन किराणावाल्यांची लेक. तिथल्या आशाताई म्हणजे पारूमावशी. त्यांनी फोन हातात घेतला, डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "ही हिरवी खूण कवाची गं पोरी?"

"म्हणजे?"

"आजची का परवाची? वाडीत रेंज न्हाई, टेकाडावर गेलं तरच घावती. फोनला नवं काय कळत न्हाई. मंग ही जुनीच खूण दावतोय न्हवं?"

हुमानं फोन नीट बघितला. खरंच तसं होतं. रेंज गेली की अ‍ॅप शेवटची माहिती तशीच दाखवत राही, मग ती चार दिवसांपूर्वीची का असेना.

"दुधाची पिशवी घेताना बी आमी तारीख बघतो," पारूमावशी म्हणाल्या. "हितं मानसाचा जीव चाललेला, अन् तारीख न्हाई व्हय?"

त्याच दुपारी ऑफिसात येऊन हुमानं मला काढलं. मान खाली घालून दोन दिवस लिहीत होती. माझ्यात फार काही नाही. हिरव्या खुणेखाली एक ओळ आणि फोनचं एक बटण. ओळ अशी: 'ही माहिती काल सकाळी दहाची. निघण्याआधी फोन करा.' वेळ अर्थात ज्या त्या वेळेप्रमाणे बदलणार. तिनं पारूमावशींना फोन करून शब्दसुद्धा दिला, "पुढच्या खेपेला वेळ दिसेल, मावशी." एवढ्याशा ओळीसाठी माझा जन्म. पण मला तिचा केवढा अभिमान!

आणि मग हिंजवडीच्या एका सोसायटीचं काम आलं. गेटवर पाहुण्यांचे फोटो काढायचं अ‍ॅप. हुमाला तिकडं ओढलं. "दोन दिवसांत येते परत," म्हणाली, आणि माझे तेवीस दिवस तसेच गेले. रोज सकाळी मेन पुढं सरकायची, मी मागं पडायचे. माणसांची ही सवय मला अजून उमगलेली नाही. सुरू करताना काय तो उत्साह, आणि शेवटचं अर्ध्या तासाचं काम मात्र महिना महिना लोंबकळत ठेवायचं.

त्यात आमच्याकडं शुक्रवारची झाडलोट. टीमचे प्रमुख शैलेश सर. माणूस भला, पण पसारा दिसला की अंगावर काटा येतो त्याच्या. दर शुक्रवारी चार वाजता ते आम्हा सगळ्या ब्रँचची यादी उघडतात. जी मर्ज झाली ती पुसायची. जिला महिनाभर कुणी हात लावला नाही तीही पुसायची. माझे सात दिवस उरले होते. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मला विचारा.

तेवढ्यात हुमाच्या भावाचं, अतीकचं लग्न निघालं. रजेवर जाताना ती ऑफिसातल्या साहिलला म्हणाली, "माझी ब्रँच तेवढी मर्ज कर हां. विसरू नकोस."

"फिकीर नको गं," साहिल म्हणाला. मी मनातल्या मनात त्याला शंभर आशीर्वाद दिले. चुकलंच माझं.

त्याचं असं झालं. साहिलनं त्याच स्क्रीनवर स्वतःचं काम केलेलं होतं. हिरवी खूण मोठी आणि ठळक केली होती. आता मी आणि त्याचं काम, दोघांनी एकाच जागेवर हात घातलेला. अशा वेळी कॉम्प्युटर अडून बसतो आणि विचारतो, बाबा रे, यातलं कुणाचं ठेवू? पाच ठिकाणी विचारलं त्यानं. गुरुवारी दुपारचा एक वाजलेला. पलीकडच्या टेबलावर डबे उघडलेले, "साहिल, ये ना, भाकरी गार होतेय!" म्हणून हाका चाललेल्या. त्यानं पहिल्या दोन जागा नीट वाचल्या. तिसरीला घड्याळ बघितलं. आणि मग सरळ सांगून टाकलं, "सगळीकडं माझंच ठेव."

गेली माझी ओळ!

मी ओरडले. पण आमचं ओरडणं ऐकू कुणाला जाणार? शैलेश सरांनी वरवर नजर टाकली. बदलानं काही बिघडलं नाही ना, हे कॉम्प्युटर ज्या चाचण्या घेऊन तपासतो, त्या सगळ्यांपुढं 'पास'च्या खुणा होत्या. माझ्या ओळीची चाचणी हुमा लिहिणार होती, ती राहूनच गेलेली. सर म्हणाले, "ठीक आहे." झालं. माझ्या नावापुढं शिक्का बसला: मर्ज पूर्ण. संध्याकाळी नवं अ‍ॅप सगळ्या वाड्यांवर पोचलं.

तोवर मला माझ्या मरणाची भीती होती. आता वेगळीच धास्ती बसली. भातकापणीचे दिवस, खाचरात वाकून माणसं कापणी करणार, पेंढ्यांखाली घोणस दबा धरून बसणार. पारूमावशी हिरवी खूण बघतील, हुमानं शब्द दिलाय म्हणून तिच्यावर विश्वास ठेवतील, आणि जीप भलतीकडं धावेल. काम राहिलंय हे फक्त मला ठाऊक. आणि मी उद्या चार वाजता पुसली जाणार.

शुक्रवार उजाडला. चार वाजले. सरांनी यादी उघडली. मी बारावी होते. पहिली गेली, दुसरी गेली. खाली कॉम्प्रेसर घरघरत होता. सातवी गेली. देवा, कुणाला तरी आठवू दे रे!

त्याच वेळी पौडला काय चाललं होतं, ते हुमानं मागाहून ऑफिसात सांगितलं तेव्हा मला कळलं. तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी. फोन वाजला. तिच्या आईनं, जोहराबींनी, तो तिच्या कानाला लावून धरला. पलीकडं पारूमावशी.

"पोरी, तू म्हनली हुतीस येळ दिसंल. टिकलीएवढी खूण व्हती ती भाकरीएवढी झालीया. पर येळ कुटं हाय?"

"खाली बघा मावशी, खुणेच्या खाली."

"खाली काय बी न्हाई. मी काय आंधळी हाय का?"

हुमा आईला म्हणाली, "अम्मी, शैलेश सरांना लाव. लवकर!"

इकडं अकरावी गेली होती. माझ्यावर बोट ठेवलं होतं आणि कॉम्प्युटरनं नेहमीचा प्रश्न विचारला होता: खरंच पुसायचं? तेवढ्यात सरांचा फोन वाजला.

"सर, माझी ब्रँच पुसू नका!"

"अगं, झालीय ती मर्ज. इथं लिहिलंय ना."

"लिहिलंय ते राहू द्या हो. आधी उघडून बघा!"

सरांनी मला उघडलं. शेजारी मेन उघडली. माझ्यात ओळ होती, मेनमध्ये नव्हती. सरांनी हाक मारली, "साहिल, इकडं ये जरा."

साहिलनं बघितलं. त्याचा चेहरा पडला. "माझ्याकडून झालं, सर. मी वाचलंच नाही." सबबी सांगितल्या नाहीत, हे मला आवडलं. खुर्ची ओढून तो माझ्यासमोर बसला आणि एकेक ओळ वाचून मेनमध्ये बसवत गेला. आधी राहिलेली चाचणी लिहायला लावली सरांनी. मोठी खूण राहिली, तिच्याखाली माझी ओळ आली. दोघांचं एकत्र राहू शकत होतं की! शनिवारी सकाळी नवं अ‍ॅप वाड्यांवर गेलं.

बुधवारी कुशाबा नावाच्या म्हाताऱ्याला खाचरात घोणस चावली. पारूमावशींनी फोन काढला. रेंज नाही. जवळच्या दवाखान्यापुढं भाकरीएवढी हिरवी खूण. आणि खाली मी: 'ही माहिती काल सकाळी दहाची. निघण्याआधी फोन करा.' म्हाताऱ्याला जीपमध्ये घालायला सांगून मावशी टेकाडावर पळाल्या. तिथं रेंज मिळाली. फोन लागला. पलीकडून उत्तर आलं, "रात्रीच दोन रुग्ण झाले, इंजेक्शन संपलंय. खालच्या रस्त्यानं मोठ्या दवाखान्यात न्या, मी कळवून ठेवतो." जीप उलट्या दिशेनं गेली.

आम्हाला हे गुरुवारी कळलं. हुमा कामावर परत आली होती, मेंदी अजून लालभडक. तिनं फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कसे आहेत कुशाबा?"

"म्हातारा व्हय? हाय की! चा मागतोय सकाळधरनं, अन् अळणी जेवन देत्यात म्हनून डाक्टरला शिव्या घालतोय," पारूमावशी म्हणाल्या. साहिल उठून खिडकीपाशी गेला आणि डोळे पुसत उभा राहिला.

आज पुन्हा शुक्रवार. चार वाजलेत. मी यादीत आहे, आणि खरं सांगते, गोळा आजही आलाय. सवयच ती. जाता जाता तुम्हाला हात जोडून एवढंच मागणं: ज्या कामापुढं 'झालं' असं लिहिलेलं दिसेल, ते एकदा उघडून बघत जा. तिकडं कुणीतरी त्या 'झालं'च्या भरवशावर जीप काढून बसलेलं असतं.

माझा नंबर आला. सरांचं बोट थांबलं. आजवर त्यांनी पुसण्याआधी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"हुमा, ही तुझी. पुसू का गं?"

"थांबा सर, एकदा बघते."

तिनं मेन उघडली. खाली खाली आली. ओळ सापडली. ओठांतल्या ओठांत वाचली, 'निघण्याआधी फोन करा.'

"आहे. पुसा आता."

कॉम्प्युटरनं विचारलं, खरंच पुसायचं?

हो रे बाबा, हो. पूस.