दहा मार्कांचा निबंध

सुमती पराते यांनी उत्तरपत्रिका टेबलावरून पुढे सरकवली आणि पंख्याने उडू नये म्हणून तिच्यावर डस्टर ठेवलं.

"वाचा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नाही, थांबा. मीच वाचते."

समोर बसलेल्या देवकीने पदराने मान पुसली. मिहानमधल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या करायची. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती आली होती आणि काल शाळेचा फोन आल्यापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. तिची भाची, उन्नती, नापास झाली असणार. उन्नती बाहेरच्या बाकावर होती. खिडकीतून तिच्या दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

"नापास झाली काय, मॅडम?"

"नाही. मराठीत चाळीसपैकी पंधरा आहेत. चौदाला पास. डी ग्रेड मिळेल."

देवकीचे खांदे खाली आले. "मग काहून बोलावलं?"

'काहून' मॅडमच्या कानाला टोचला. बावीस वर्षं त्या याच शहरात मराठी शिकवत होत्या आणि बावीस वर्षं मुलांच्या वह्यांमधले 'मले', 'तुले', 'काहून' लाल शाईने खोडत होत्या. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी तिथे तिसरी, इंग्रजी आणि हिंदीच्या मागे उभी असलेली, आणि मुलांना भेटायची ती शेवटच्या तासाला, जांभया देता देता. त्यात उन्नती बिसेन दोन वर्षांपूर्वी बालाघाटच्या हिंदी शाळेतून आलेली. तिच्या वहीत एकाच ओळीत तीन भाषा गुण्यागोविंदाने नांदायच्या, आणि मॅडम त्यांची घरं वेगळी करून द्यायच्या. म्हणूनच पाचवीच्या वार्षिक परीक्षेतला तिचा निबंध तपासताना त्यांना आनंद झाला होता. 'मले' कुठेही नव्हता. वाक्यं पूर्ण, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी. दहापैकी सात देऊन त्यांनी पान उलटलं. आपण काय वाचलं हे त्यानंतर लक्षात आलं आणि त्या मागे आल्या.

"निबंधाचा विषय होता 'माझी आवडती व्यक्ती'. तिनं तुमच्यावर लिहिलंय."

देवकी हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला.

"'माझी मावशी मला रोज शिक्षा देते. संध्याकाळी सात वाजता ती सुरू करते. कधी कधी मला झोप येते, पण ती सोडत नाही. ती खूप चेष्टा करते. मी रडले तर आणखी चेष्टा करते. तिला फार गर्व आहे.'"

पुढचं मॅडमना वाचवेना. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अजून आहे. पण एवढं पुरे."

हसू कधी गेलं हे देवकीलाही कळलं नसावं. पायाशी ठेवलेली पिशवी तिने उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"एकदा कान पिळला होता," ती म्हणाली. "संक्रांतीच्या टायमाले. पाढे म्हणून नव्हती राहिली. मग मीच रडली रात्रभर. बाकी हात नाही लावला मी तिले, मॅडम. आईची शपथ."

"ती वर्गात झोपते, ताई. मला आधीच शंका यायला हवी होती."

"अभ्यास करून राहते ना. तीन तीन भाषा. इंग्लिशचं वेगळं, हिंदीचं वेगळं, मराठीचं वेगळं. मी सातले कामावरून येतो, मग बसवतो तिले."

मॅडमनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला. असं काही आढळलं की वडिलांना कळवायचं, असा शाळेचा नियम होता. पहिल्या वेळी मात्र सांभाळणाऱ्या माणसाकडून, यापुढे असं होणार नाही, अशी लेखी हमी घेऊन ती फाईलला लावली तरी चालायचं.

"वडिलांना मी अजून फोन केलेला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहून दिलंत तर या वेळी करणार नाही."

वडिलांचं नाव निघताच देवकी घाबरली. बिसेन भाऊजी वाईट माणूस नव्हते, पण पोरीवर एवढ्या भाषांचा भार कशाला, हे त्यांचं दोन वर्षांपासूनचं म्हणणं होतं. बालाघाटला एका हिंदीत काम भागतं. यंदा कोणत्याही विषयात नापास झाली तर निकाल घेऊनच तिला परत आणायची, हे त्यांनी दिवाळीत सांगून ठेवलं होतं. आणि उन्नती गेली तर मनीषनगरच्या त्या एका खोलीत संध्याकाळी सात वाजता देवकीने काय करायचं होतं, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाही नव्हता. विचारायची हिंमत झाली नव्हती.

"मी वाचू काय जरा?" तिने विचारलं.

मॅडमनी डस्टर उचललं. देवकीने पेपर जवळ ओढला आणि बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागली. ती सातवी शिकलेली होती. मॅडम जिथे थांबल्या होत्या तिथे ती थांबली नाही. बोट पुढच्या ओळीवर गेलं, ती ओळ संपेपर्यंत सरकलं आणि परत मागे आलं. तीच ओळ तिने आता हलक्या आवाजात वाचली.

"'माझ्या आईने मरताना तिला सांगितले होते की हिला शिक्षा दे. म्हणून मी मावशीजवळ राहते.'"

"ते मला सगळ्यात भयंकर वाटलं," मॅडम म्हणाल्या.

"मी होती ना तिथं," देवकी म्हणाली. "बालाघाटच्या दवाखान्यात. इंदू, बहीण माझी, बोलली तवा मीच होती जवळ. आणि ही. पायाशी बसून होती." तिचं बोट 'शिक्षा'वरच होतं. "बारा वर्षं तिकडं राहून राहून इंदू हिंदीच बोले पोरीसमोर. म्हणाली, देवकी, इसको अच्छी शिक्षा देना."

मॅडमनी चष्मा परत लावला, पेपर स्वतःकडे फिरवला आणि सुरुवातीपासून वाचला. या वेळी त्या हिंदीत वाचत होत्या. अक्षर तेच, शब्द तेच. मावशी रोज शिकवते. झोप आली तरी सोडत नाही. खूप प्रयत्न करते, मी रडले तर आणखी प्रयत्न करते. तिला फार अभिमान आहे.

त्यांना लाज वाटली. सीताबर्डीच्या बाजारात जन्मभर हिंदीत भाव करणाऱ्या बाईला हे दिसू नये. मग लाजेपेक्षा मोठी सुटका वाटली, आणि त्या मनापासून हसल्या.

"बघा ना, काय झालं हे. माफ करा, ताई. मी मराठीच्या डोळ्यांनीच वाचत गेले. चांगलं लिहिलंय हो पोरीनं. फक्त शब्द चुकले."

आणि बोलता बोलता त्यांच्या हाताने लाल पेनचं टोपण काढलं. पहिल्या 'शिक्षा'भोवती गोल पडलासुद्धा.

देवकी त्या गोलाकडे पाहत होती. डोळे पुसायला वर नेलेला पदर तिने तसाच खाली आणला.

"मार्क कटतील काय, मॅडम?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि मार्कांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

"अर्थच चुकला ना. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. चेष्टा म्हणजे थट्टा. असा निबंध असेल तर तीनच्या वर देता येत नाही."

"सातचे तीन." देवकीने बोटांवर हिशेब केला. "मग पंधराचे अकरा."

"जूनमध्ये फेरपरीक्षा असते, ताई. मी स्वतः तिची तयारी करून घेईन."

"जूनपर्यंत कोण थांबते. निकालाच्या दिवशी भाऊजी येऊन राहिले. तिकिटं काढली त्यांनी. दोन."

मॅडमनी पेन खाली ठेवलं नाही, पण पुढेही नेलं नाही. गुणतक्ता संध्याकाळपर्यंत ऑफिसात द्यायचा होता. बावीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा मार्कही उगाच दिला नव्हता, आणि कुणाचा उगाच कापलाही नव्हता.

देवकीने पिशवी पुन्हा पायाशी ठेवली.

"तुम्ही पहिल्यानं वाचलं तवा किती चुका निघाल्या होत्या?"

"एकही नाही."

"मग मराठीतच वाचा ना, मॅडम. मराठीचाच पेपर आहे."

"अहो, पण मग तुम्ही..." मॅडमची नजर कोऱ्या कागदावर गेली. खिडकीतल्या वेण्या हलल्या. उन्नतीने मान वळवून आत पाहिलं आणि मावशीने पाहिलेलं दिसताच परत समोर तोंड केलं.

"द्या तो कागद," देवकी म्हणाली.

"हा फाईलमध्ये राहतो, ताई. पुढे कुणीही काढून पाहू शकतं. तुमच्या नावानं राहील."

"राहू द्या. सांगा काय लिहू."

मॅडमनी निळं पेन दिलं. मग शुद्धलेखन घालताना सांगावं तसं एकेक शब्द सांगू लागल्या. देवकी पोळ्यांचं पीठ राहिलेल्या नखांनी पेन घट्ट धरून लिहीत होती. मी, देवकी पटले. लिहून देते की. यापुढे मी उन्नतीला. शिक्षा.

तिथे ती थांबली.

"देणार नाही," मॅडमनी सांगितलं.

देवकीचं पेन कागदावर टेकलेलं होतं, हलत मात्र नव्हतं. शाईचा बारीक ठिपका मोठा होत गेला.

"मॅडम, हा कागद मराठीतच वाचतात ना?"

"हो, काहून?" मॅडमच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांना कळलं काहून ते. त्यांनी लाल पेनला टोपण लावलं आणि ते खणात टाकलं.

"मराठीतच वाचतात," त्या म्हणाल्या.

"मग चालते," देवकी म्हणाली, आणि तिने राहिलेले दोन शब्द लिहून खाली सही केली.