न गाळलेले तीर्थ

संगमेश्वरापलीकडच्या त्या वाडीत उन्हाळा नारूच्या पावलांनी येई. जांभ्याच्या पायऱ्या उतरून बाया विहिरीच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभ्या राहत आणि घागरी भरत. ज्याच्या पायातून तो पांढरा, दोऱ्यासारखा किडा डोकावे, तोही आग शमवायला तिथेच पाय बुडवी. किडा पाण्यात पिल्ले सोडी, आणि वाडी ते पाणी पिई.

लवू मास्तरांनी शाळेत काचेचा पेला उन्हात धरला. पाण्यात धुळीहून बारीक जीव नाचत होते. मग त्यांनी तेच पाणी दुपदरी फडक्यातून गाळून दाखवले. आता पेल्यात केवळ ऊन उरले.

"आणि पायाला फोड असला तर?" ते विचारीत.

"पाय इहिरीत नाय घालायचा!" मुले ओरडत. सर्वांत मोठा आवाज तुळसाच्या राहीचा.

देवीचे मानकरी महिपत गावकर एकदा शाळेच्या दारात येऊन हसले. "काय वो मास्तर, पाण्याला सोवळं नेसवलंत काय?" पण हसता हसता त्यांनी मान डोलावली, आणि घरोघरी हंड्यांच्या तोंडावर फडकी चढली.

शिमग्यात देवीची पालखी विहिरीवर टेकली. विहिरीतून भरलेला कलश देवीच्या पायांवर ओतायचा आणि ते तीर्थ पोरांच्या ओंजळीत द्यायचे, ही तिथली रीत. राहीने ओंजळ पुढे केली आणि मागे घेतली. कमरेचे फडके सोडून ती मास्तरांकडे वळली.

"मास्तर, ह्ये पन गालायचं ना?"

ढोल थांबले. महिपतांच्या हातातला कलश तिरपाच राहिला. मास्तरांच्या डोळ्यांपुढे हंड्यांवरची सारी फडकी आली. तीर्थाला बोल लावणाऱ्या एका शब्दाने ती उतरली असती.

"तीर्थ गाळत नाहीत, बाळ."

राही तीर्थ प्याली आणि ओला हात तिने केसांवरून फिरवला.

नारू वर्षभर देहात अंधाराची वाट चालतो. पुढल्या शिमग्याच्या सुमारास राहीच्या घोट्यावर फोड उठला. तुळसा तिला कडेवर घेऊन शाळेच्या पडवीत आली. मागोमाग निम्मी वाडी.

"वरीसभर माजी पोर गालून प्याली, मास्तर. घोटभर पानी न गालता प्याली नाय. तरी निघालाच ना?"

या वेळी मास्तरांनी खरे ते सांगितले. "तीर्थातून आला. ते गाळायला हवं होतं."

कोणी रागावले नाही. महिपत फक्त म्हणाले, "तवा तुमीच नको म्हणालात." मग, अगदी हळू, "आता देवाच्या अंगावर ढकलता?"

संध्याकाळपर्यंत हंडे उघडे झाले. उतरलेल्या फडक्यांत कुणी कुळीथ बांधले, कुणी त्यांनी चूल पुसली.

मास्तर विहिरीकडे गेले तेव्हा राही शेवटच्या पायरीवर बसली होती. फडके तिने घोट्याला गुंडाळले होते. ते सोडून ती पाय पाण्याकडे नेत होती.

"राही, नको! काय शिकवलं होतं?"

तिने वर पाहिले. त्या नजरेत तक्रार नव्हती; विचारण्यासारखेही काही उरले नव्हते. पाय पाण्यात गेला. फोडाभोवती दुधाळ ढग पसरला आणि विहिरीत विरून गेला.

"गार वाटतंय, मास्तर," ती म्हणाली.

वरून तुळसा घागर घेऊन पायऱ्या उतरत होती.