जखमेची ढेप

मित्रांनो, ऊस गाळून गाळून झिजलेला जुना लोखंडी चरक म्हणजे मी. मला तीन उभे रूळ आहेत. माझ्या माथ्यावर एक लांब लाकडी दांडी असे. तिला बैल जुंपले की ते माझ्याभोवती गोल फिरत, दांडी मला फिरवी आणि रुळांत सारलेला ऊस पिळून निघे. एका बाजूला रस गळे, दुसऱ्या बाजूला चिपाड पडे. एवढेच माझे काम. पण ते करताना माझ्याकडून जे घडले, ते सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांचे राज्य होते. हुपरीच्या बाजूला तवनाप्पा नावाच्या जैन शेतकऱ्याचे गुऱ्हाळ होते. तिथला लाकडी घाणा मोडला म्हणून त्याने मला बैलगाडीतून आणले. त्याच्या बायकोने, त्रिशलाने, मला हळद-कुंकू लावले. पहिल्याच दिवशी घाण्यापेक्षा मी कितीतरी जास्त रस काढला, तेव्हा शेजारच्या गावांतली माणसे मला पाहायला आली. माझे कौतुक झाले. मला ते आवडले, खोटे कशाला सांगू?

गुऱ्हाळावर चौघे रोजचे. केरबा बैल हाकायचा. पिराजी हा गुळव्या, म्हणजे मोठ्या काहिलीत रस आटवून गूळ करणारा. हुसेन माझ्यासमोर बसून रुळांत ऊस सारायचा, आणि त्याची बायको अमीरबी चिपाड उचलून वाळत घालायची. मजुरी म्हणून त्यांना थोडे पैसे आणि थोडा गूळ मिळे.

हुसेनचा हात फार चपळ होता. तो ऊस असा सारायचा की रूळ कधी रिकामा फिरत नसे आणि कधी अडत नसे. काम करता करता तो केरबाची थट्टा करायचा. "तुझं बैल झोपल्यात का तू झोपलायस रं?" असे ओरडायचा, आणि अमीरबी चिपाडाच्या भाऱ्याआडून हसायची.

पौषातली सकाळ होती. थंडी फार, म्हणून हुसेनने लांब बाह्यांची जाड बंडी घातली होती. ऊस सारताना बाहीची कड उसाबरोबर रुळांत गेली. त्याने हात ओढला, पण रुळाने बाही सोडली नाही. आधी बोटे आली, मग मनगट.

मित्रांनो, मला थांबता आले नाही. बैल थांबले तरच मी थांबतो. आणि बैलांना रोजच्या फेऱ्यांची सवय. हुसेनची किंकाळी ऐकून केरबा त्यांच्या पुढ्यात आडवा झाला, तोवर ते आणखी चार पावले चालले होते. त्या चार पावलांत कोपरापर्यंतचा हात गेला. बैल सोडून, दांडी उलटी ढकलून माणसांनी तो बाहेर काढला. त्या दिवशी माझ्याखालचा रस कुणी काहिलीत ओतला नाही.

तवनाप्पाने स्वतः गाडी जुंपली आणि हुसेनला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हात कोपराच्या वर कापला. पंधरा दिवसांनी हुसेन घरी आला. जखम ओली होती. दर चौथ्या दिवशी पट्टी बदलायला या, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पहिला महिना सगळा गाव धावला. कुणी ज्वारी दिली, कुणी दूध. तवनाप्पाने दोनदा गाडी दिली. पण हंगाम भरात होता, गाडीला ऊस ओढायचा होता. लोकांनाही आपापली पोटे होती. हळूहळू येणारे कमी झाले. कुणी वाईट नव्हते, मित्रांनो. दया थकते, एवढे मी पाहिले.

कोल्हापूरला जायचे तर भाड्याची गाडी आणि अख्खा दिवस. त्या दिवशी अमीरबीची मजुरी बुडायची. तिने शेळी विकली, मग तांब्याचा हंडा, मग पायांतले पैंजण. हुसेन सगळे पाहत होता. एके दिवशी तो एका हाताने उंबरठा धरून बसला आणि म्हणाला, "आता न्हाई जायचं. सुकलीया जखम."

"दावा बघू," अमीरबी म्हणाली.

"सुकलीया म्हणतोय न्हवं?" त्याने दंड धोतराच्या सोग्याखाली झाकला.

जखम सुकली नव्हती. आत पू धरला होता. फाल्गुनात त्याला ताप चढला आणि पाचव्या दिवशी हुसेन गेला. हात मी घेतला होता. पण जीव मात्र दवाखान्याच्या न केलेल्या फेऱ्यांनी घेतला. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी म्हणत नाही. जे झाले ते सांगतो आहे.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी त्रिशला माझी पूजा करायला आली. माणसे जमली होती. तेवढ्यात अमीरबी आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

तवनाप्पा म्हणाला, "अमीरबी, काय पायजे त्ये सांग. न्हाई म्हणणार न्हाई."

"अण्णा, मी मागाय आले न्हाई. माझं माणूस गेलं, आता देऊन काय करशीला? पर ह्या चरकावर उद्या दुसरा कुणीतरी बसणार हाय. त्याचा हात शाबूत हाय तवरच कायतरी बाजूला काढून ठेवा. मजुरीच्या गुळातली एकेक ढेप परत्येकानं द्यायची. तुम्ही मालक, तुम्ही चार द्या. ज्याला लागंल, त्याच्या घरी त्याच दिशी गाडीभाडं पोचलं पायजे. त्यानं कुणाच्या दारात जायचं न्हाई."

केरबा लगेच म्हणाला, "माझी लिवून घ्या."

पिराजी मात्र हातातला झारा आपटत म्हणाला, "आणि ज्याला कायबी झालं न्हाई, त्याची ढेप फुकट गेली की!"

अमीरबी त्याच्याकडे वळली. "पिराजीदादा, तुझी ढेप फुकट जाऊ दे, अशी मी रोज दुवा मागीन. हात-पाय धड ऱ्हायलं तर ते काय नुकसान म्हणायचं व्हय?"

त्रिशलाने आत जाऊन चार ढेपा आणल्या आणि वेगळ्या फळीवर ठेवल्या. संध्याकाळी पिराजीनेही एक ठेवली, कुणाकडे न पाहता. लोक तिला जखमेची ढेप म्हणू लागले. हंगाम संपला की ढेपा बाजारात जात आणि आलेले पैसे अमीरबी व केरबा सांभाळत.

तीन वर्षे कुणाला काही झाले नाही. लोक कुरकुरले, पण ढेपा येत राहिल्या. चौथ्या वर्षी उकळती काहील उतरवताना पिराजीचा पाय घसरला आणि रस मांडीपासून पावलापर्यंत सांडला. कातडी सोलून निघाली. तो गुरासारखा ओरडत होता.

त्याच दुपारी गाडी ठरली. पिराजी चार महिने पडून होता. त्याच्या घरी दर आठवड्याला धान्य गेले. दवाखान्याची एकही फेरी चुकली नाही. पाय आखडला, तो लंगडा झाला, पण जगला.

उठून चालू लागल्यावर तो काठी टेकत गुऱ्हाळावर आला. अमीरबी चिपाड पसरत होती. तो तिच्याजवळ गेला. मग म्हणाला, "भाभी, हे तवा असतं तर हुसेनभाई..."

"जगला असता की," अमीरबी म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

पुढे इंजिनावर चालणारे चरक आले. मला काढून कुंपणाशी टाकले. आता मी गंजलो आहे, माझे रूळ फिरत नाहीत. माझ्यासारखी यंत्रे मात्र तुमच्याभोवती पूर्वीपेक्षा जास्त फिरतात. मित्रांनो, यंत्राला दया नसते आणि माणसाची दया फार दिवस पुरत नाही. म्हणून घरातली सगळी माणसे धडधाकट असतील, त्याच दिवसांत वाईट दिवसाची तरतूद करा, आणि चार जणांनी मिळून करा. ती उपयोगी पडली नाही, तर हळहळू नका. कारण तेव्हा तुमच्या घरातले सगळे हात जेवायला बसलेले असतील.