सोमाजीला पुण्याला नेलं

त्या वर्षी रोवण्याच्या दिवसांत सोमाजी सकाळभर चिखलात वाकून धान रोवत होता आणि दुपारी भाकर खायला बांधावर बसल्यावर कळलं, की ती बांधी, धानाचं ते वावर, त्याची नव्हतीच. वासुदेवरावची होती. रोवणाऱ्या बायांना वाटलं होतं, भाऊ मदतीला आले असतील. वासुदेवराव हसून म्हणाला, "उद्याही या भाऊ, चहा पाजतो." सगळे हसले, सोमाजीही हसला. ललिताबाईला मात्र हसू आलं नाही. कारण त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिला दोनदा विचारलं होतं, की आपली माय कुठं गेली. सासूला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पुढं ते वाढतच गेलं. सोमाजी सकाळी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, जायचा आणि परतीची वाट विसरायचा. पण गावात, एकोडीत, त्याचं काही अडत नसे. हजामतीच्या दुकानातला धनंजय त्याला आवाज द्यायचा, "भाऊ, इकडं कुठी? घर तिकडं हाये." साकोलीच्या रस्त्यावर गेला तर कुणीतरी मोटरसायकलवर बसवून दारात आणून सोडायचं. एकदा तो दुसऱ्याच घरात जाऊन पाटावर बसला, तर त्या बाईनं त्याला वरण-भात वाढला आणि नंतर निरोप पाठवला, की भाऊ आमच्याकडे जेवले, तुम्ही थांबू नका.

लोक चांगले होते, पण ललिताबाई दमली होती. तिचे गुडघे दुखायचे. गॅस चालू राहिला की काय म्हणून ती दिवसातून कितीदा तरी उठायची. म्हणून पुण्याहून चंद्रकुमारचा फोन आला, "आई, बाबांना घेऊन इकडंच ये. इथं मोठे डॉक्टर आहेत, तुलाही आराम पडेल," तेव्हा तिला हायसं वाटलं. तिलाही जायचं होतं. ही गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नाही, पण ती खरी होती.

ललिताबाई बेफिकीर बाई नव्हती. नव्या शहरात राहायला जायचं म्हणजे काय काय माहीत असायला पाहिजे, हे तिनं ज्याला त्याला विचारलं. गावातल्या रंभाबाईची मुलगी पुण्यात होती आणि रंभाबाई स्वतः तिकडं चार-सहा महिने राहून आली होती. ओसरीवर पाय पसरून तिनं सगळं सांगितलं.

"लिफ्टमंदी एकटी चढू नोको पहिले. बेल वाजली तं दार उघडाच्या आधी भोकातून पाहजो. पाणी जड हाये तिकडचं, केस गळतात. आपला तांदूळ सोबत घेऊन जाय, तिकडचा भात गळ्याखाली उतरत नाही. अना कोणाच्या घरी असंच जाऊ नोको. फोन करूनच जा लागते."

"असं?" ललिताबाई म्हणाली.

"असंच. मी गेली होती न एकडाव. दारातच उभी केली मले."

ललिताबाईनं तांदळाचं पोतं बांधलं, लोणचं घेतलं, दवाखान्याचे कागद घेतले. शेत वासुदेवरावला ठेक्यानं दिलं. सगळ्यांनी सगळं सांगितलं होतं. फक्त शेजारची कुंताबाई निघायच्या दिवशी पिशवी उचलून देताना म्हणाली, "सारं खरं वं ललिता, पण भाऊले तिकडं ओळखते कोण?"

"लेक हाये न त्याईचा," ललिताबाई जरा तोडूनच म्हणाली. जाताना असं बोलावं का कुणी, असं तिला वाटलं.

भंडारा रोडला गाडीत बसेपर्यंत सोमाजी खुशीत होता. लग्नाला चाललो असं त्याला वाटत होतं. वर्धा गेल्यावर त्यानं विचारलं, "वरात कुठी उतरणार हाये?" ललिताबाई म्हणाली, "पुढं." मग तो दर स्टेशनाला उठून उभा राहू लागला.

चंद्रकुमारचं घर पुण्याच्या कडेला, नवव्या मजल्यावर होतं. सारख्या उंचीच्या, सारख्या रंगाच्या इमारती एकमेकींना लागून उभ्या होत्या. सून डिंपल मनानं चांगली होती. तिनं सासऱ्यासाठी खिडकीजवळचा पलंग रिकामा केला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. त्यांच्या खिशात ठेवायला नाव-पत्त्याचं कार्ड करून आणलं. ती आणि चंद्रकुमार दोघंही सकाळी कामाला निघून जात आणि अंधार पडता परत येत.

सोमाजी दिवसभर अंगण शोधायचा. एक दार उघडलं की बाथरूम, दुसरं उघडलं की कपड्यांचं कपाट. कपाटासमोर तो बराच वेळ उभा राहायचा. "इकडून रस्ता होता न," म्हणायचा. ललिताबाई त्याला हाताला धरून बाल्कनीत न्यायची. खाली पाहिलं की तो मागं सरकायचा आणि भिंतीला पाठ लावून उभा राहायचा.

एका सकाळी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. चार कपडे घालायला कितीसा वेळ लागतो? आत आली तर दार सताड उघडं. पलंगावर त्याचा कालचा सदरा पडला होता आणि खिशात कार्ड तसंच होतं. सदरा त्यानं स्वतःच बदलला होता.

लिफ्टची भीती विसरून ती खाली आली. फाटकावर वॉचमन खुर्चीत बसला होता.

"अंकल? हां, गए ना. नमस्ते करके गए."

"थांबवलं काहून नाही?"

त्याला तिचं बोलणं कळलं नाही, पण चेहरा कळला असावा. तो उठून उभा राहिला. "माताजी, आने वाले को पूछते हैं. जाने वाले को क्या पूछना?"

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचं काम तेवढंच होतं.

चंद्रकुमारला फोन करून ती तशीच रस्त्यावर निघाली. दुकानदारांना, रिक्षावाल्यांना, बसथांब्यावरच्या पोरींना तिनं मोबाइलमधला फोटो दाखवला. कुणी तिला झिडकारलं नाही. प्रत्येकानं फोटो नीट पाहिला आणि नाही म्हटलं. एकोडीत फोटोची गरज पडली नसती. पाठमोरा माणूस, तिरका पाय टाकतो, एवढ्यावरून कुणीही सांगितलं असतं, की सोमाजी बोडीकडं, लहान तळ्याकडं, गेला. इथं ती ज्याला त्याला म्हणत होती, "धोतर नाही जी, पायजमा हाये, पांढरा," आणि समोरून पांढऱ्या पायजम्यातली किती माणसं चालली होती.

तासाभरानं ती स्वतःच हरवली. परत फिरली तर कोणती इमारत आपली, हे तिला सांगता येईना. तीन फाटकांवर तिनं विचारलं. शेवटी एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं लेकाला फोन लावला, "चंदू, मले घेऊन जाय." चंद्रकुमार मोटरसायकलवर आला तेव्हा ती रडत नव्हती. नुसती बसून होती.

पोलिसांत कळवलं. डिंपलनं दिसेल त्या ग्रुपवर फोटो टाकला. तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बांधकामावरच्या सुपरवायझरचा फोन आला.

अर्धवट उभ्या इमारतीच्या मागं मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. त्यातल्या एकीच्या पुढं सोमाजी मांडी घालून बसला होता. एका पायात चप्पल नव्हती, तळव्याची सालटी निघाली होती. समोर भाताची रिकामी थाळी होती. मजूर छत्तीसगडकडचे होते. त्यांची बोली ललिताबाईला अर्धी कळत होती, कारण तिच्या माहेराकडून पूर्वेला गेलं की तसंच बोलत. त्यातली एक बाई सांगत होती, की बाबा धानाचं बोलत होते, रोवायला आलो म्हणत होते, आम्हाला वाटलं कुणा मजुराचे वडील असतील. पोलिसांना सांगायची भीती वाटली, म्हणून सुपरवायझरला सांगायलाही उशीर केला.

ललिताबाईला पाहून सोमाजी हसला. गेल्या महिन्याभरात तो असा हसला नव्हता. "ये वं," तो म्हणाला. "आपल्याकडचेच लोक हायेत हे. चांगले हायेत. जेवू घातलं मले."

तो गाडीत बसायला तयार नव्हता. चंद्रकुमारनं आणि सुपरवायझरनं त्याला दोन्ही खांद्यांना धरून बसवलं. तो त्या बाईकडं पाहत राहिला.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या शांत होत्या. त्यांनी सोमाजीला चित्रं दाखवली, वार विचारला. मग त्याला बाहेर बसवून म्हणाल्या, "हा आजार बरा होणारा नाही, एवढं तुम्हाला माहीत असेल. पण अशा पेशंटची जागा बदलली, की ते खूप लवकर ढासळतात. गावात ओळखीच्या खुणांवर, ओळखीच्या माणसांवर त्यांचं निभत असतं. इकडं आणण्याआधी कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

ललिताबाईला पाण्याचं सांगितलं होतं, तांदळाचं सांगितलं होतं, लिफ्टचं सांगितलं होतं. कुंताबाईनं सांगायचा प्रयत्न केला होता, तर तिच्यावर आपण खेकसलो. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "नाही जी."

त्यानंतर दाराला आतून कुलूप लागलं. दुसरा इलाज नव्हता. सोमाजी रोज सकाळी अंघोळ करून, टोपी घालून दाराशी जायचा आणि कडी हलवायचा. "किल्ली कोणाकडं हाये?" विचारायचा. ललिताबाई म्हणायची, "येतेच आता किल्लीवाला." काही दिवसांनी त्यानं विचारणं सोडलं. मग दाराशी जाणं सोडलं. मग बोलणंही कमी झालं. चंद्रकुमार संध्याकाळी घरी आला, की तो पलंगावरून उठून उभा राहायचा आणि "या साहेब" म्हणायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा चंद्रकुमार बूट न काढताच बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"मी नेतो त्याईले गावाले," ललिताबाई एका रविवारी म्हणाली. माहेरच्या सवयीनं ती कधी कधी असं पुरुषासारखं बोलायची.

"आई, तिथं कोण बघणार? तूच दमली होतीस ना? म्हणून तर आणलं."

"दमली होती. आताही दमलीच हाये. पण तिथं सारेच पाहात होते रे. मले वाटे मीच पाहून राहिली."

"आता परत नेऊन उपयोग आहे का?"

डिंपल गॅससमोर उभी होती. ती मागं न वळता म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. इथं आपण काय करतोय, कुलूपच लावतोय ना?" आणि मग तिनंच महिनाभराच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिल्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या.

एकोडीला पोचले तेव्हा धान कापणीला आलं होतं. घर कुंताबाईनं सारवून ठेवलं होतं. लोक भेटायला आले. वासुदेवराव समोर बसून म्हणाला, "भाऊ, ओळखलं का? माह्या बांधीत रोवलं होतं तुमी."

सोमाजीनं हात जोडले. "नमस्कार जी. बसा. चहा घ्याल?" पाहुण्याशी बोलावं तसा बोलला. धनंजयनं घरी येऊन दाढी करून दिली. सोमाजी डोळे मिटून बसला होता आणि झाल्यावर त्यानं विचारलं, "दुकान कोणत्या गावी हाये तुमचं?"

ललिताबाईनं पहिल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. त्याला वाटलं तर जाऊ दे, कुणीतरी आणून सोडेल, असं तिनं ठरवलं होतं. पण तो बाहेर गेलाच नाही. उंबरठ्याच्या आत खुर्चीवर बसून राहायचा. कुंताबाईनं हात धरून पाळीपर्यंत नेलं तर गेला, तलावाकडं पाहिलं, आणि "घरी चला" म्हणाला. घर म्हणजे कोणतं, ते त्याला सांगता येईना. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या, तोवर लोकांचं येणंही कमी झालं होतं. वाईट कुणाला वाटत नव्हतं असं नाही. पण ज्याला परत आणून सोडायचं, तो रस्त्यावर दिसतच नव्हता. मग लोक आपापल्या कामाला लागले.

चंद्रकुमार दर रविवारी फोन करायचा. "ओळखतात का तुला?" विचारायचा. ललिताबाई म्हणायची, "जेवतात नीट."

थंडीच्या एका दुपारी ती दारात तांदूळ निवडत बसली होती. ऊन सोमाजीच्या पायावर आलं होतं. त्यानं बराच वेळ तिच्याकडं पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाई, आमची घरवाली दिसली का तुमाले?"

ललिताबाईचा हात सुपावर थांबला. "कुठी गेली?"

"काय मालूम. बाहेर गेली असन कुठी."

"येईन," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "कशी हाये तुमची घरवाली?"

सोमाजीनं विचार केला. "चांगली हाये," तो म्हणाला. "पण बहुत दमते बिचारी. मी सांगतो तिले, जरा बसत जाय."

ललिताबाईनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीच्या पायाशी, उन्हाच्या पट्ट्यात, ती थोडा वेळ बसली. मग भाताची वेळ झाली म्हणून उठली.