परत आणू नये

भीमराजने नीलाबाईंचं गाठोडं संध्याच्या टेबलावर ठेवलं, शेजारी आपला मोबाईल ठेवला आणि हाताची घडी घालून तो शाबासकीची वाट पाहत उभा राहिला.

"जय भीम, मॅडम. आणली बघा तुमची हरवलेली आजी. कनेरगाव नाक्याला माझ्या ढाब्यावर बसली व्हती. मी लगेच वळखलं."

"च्या पिऊन राहिले व्हते मी," नीलाबाई म्हणाल्या. "अर्धा कप तसाच टाकून आणलं यानं."

"येतच नव्हती, मॅडम. गाठोडं उचललं, मंग आली मागं."

नीलाबाईंनी गाठोडं मांडीवर ओढून घेतलं आणि गाठ चाचपून पाहिली. सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावरच्या या शहात्तर वर्षांच्या बाई एका आठवड्यात तिसऱ्यांदा सापडल्या होत्या. बुधवारी कंडक्टरने त्यांना हिंगोलीच्या बसस्थानकावर उतरवून घेतलं. गुरुवारी सेनगावच्या बाजारात एका बांगडीवालीने त्यांना दोन तास जागचं हलू दिलं नाही. आणि आज हा भीमराज. प्रत्येकाने मोठ्या मायेने त्यांना इथेच आणून सोडलं होतं, कारण आणून सोडायचा पत्ता संध्यानेच दिला होता.

तिने भीमराजचा मोबाईल उचलला. वरच्या पट्टीत ते नोटिफिकेशन अजून ठाण मांडून होतं. 'हरवल्या आहेत : नीलाबाई राठोड, वय ७६. दिसल्यास जाऊ देऊ नका. हिंगोली कार्यालयात आणा.' सोबत आधार कार्डावरचा फोटो. त्या फोटोत कुठलाही माणूस हरवलेलाच दिसतो.

"दादा, हे सोमवारचं आहे. आजी त्याच रात्री घरी आल्या होत्या. आज शुक्रवार."

"मोबाईल दुरुस्तीला व्हता ना. आज सकाळी चालू केला, तर पयलं हेच वाजलं."

'हाळी' नावाचं ते ॲप एक लहानशी संस्था चालवायची. बी-बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली, एक संगणक आणि संध्या, एवढाच तिचा पसारा. माणूस हरवलं की घरचे कळवत, आणि संध्या अर्ध्या मिनिटात चार हजार तीनशे बारा मोबाईल वाजवत असे. या अर्ध्या मिनिटाचा तिला फार अभिमान होता. माणूस घरी आलं की ती 'सापडल्या' हे बटण दाबायची आणि तिच्या पडद्यावरचं प्रकरण मिटायचं. लोकांच्या पडद्यावर ते मिटत नाही, हे तिला या आठवड्यापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं. आता तिला लाज वाटत होती. 'जाऊ देऊ नका' हे शब्द तिचेच होते.

"आजी, चूक माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी अर्धी," नीलाबाई म्हणाल्या. "अर्धी आमच्या बाबूसिंगची. तो बघ, आलाच."

बाबूसिंग जिना चढून आला होता. बावन्न वर्षांचा, अंगाने थोराड, पायांना रानातला चिखल तसाच. आईला पाहून त्याने आधी सुटकेचा श्वास टाकला, मग आवाज चढवला.

"याडी, बास झालं आता तुझं फिरणं!" तांड्यावर आईला याडीच म्हणतात. "रोज एक माणूस तुला पकडून देतो. लोक काय म्हणत असतील?"

"सरकारनं पंच्याहत्तरीला येष्टी फुकट केली, आन् पोरानं बंद केली. हे म्हणत असतील."

"सोमवारी सांगून का न्हाई गेलीस मंग?"

"सांगून गेले व्हते. हिरासिंग नायकाला." नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. "तांड्यातून भाईर पाय टाकायचा तर नायकाला सांगून टाकायचा. माझी आजी बैलांवर मीठ लादून निघायची, ती बी सांगूनच निघायची."

"नायकाला कोण सांगतं आता, याडी?"

"म्हणून तर तू त्याला इचारलं न्हाई. मोबाईलला इचारलं."

भीमराजला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात बुडवलं. बाबूसिंग मात्र हसला नाही. तो खुर्चीच्या कडेला बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सोमवारी दिवस बुडताना मी तीन विहिरीत बॅटरी मारून पाहिली."

 नीलाबाईंचा हात गाठोड्यावरून उठून लेकाच्या गुडघ्यावर गेला आणि तिथे थोडा वेळ राहिला.

त्या गाठोड्यात आरसे होते. कनेरगावच्या एका नातेवाइकिणीकडून त्यांनी ते नवरीच्या ओढणीसाठी आणले होते. परवा रविवारी हट्ट्याजवळ त्यांच्या बहिणीच्या, जनकाबाईच्या, नातीचं लग्न. नवरी घर सोडताना रडत जे गाणं म्हणते तो ढावलो, आणि तो चार दिवस आधी म्हाताऱ्या बायका तिला शिकवतात. पुरा ढावलो येणारी आता एकच उरली होती. नवरीने, कोमलने, मोबाईलवर ऐकून खूप खटपट केली, पण तिला चाल आली, रडू काही येईना. 'मावशीआजी, तूच ये,' असं तिने स्वतः फोन करून सांगितलं होतं. चारातले तीन दिवस नीलाबाईंना सापडण्यातच गेले होते.

"उद्या मी जाणार," त्या म्हणाल्या. "एकटी."

"मी सोडतो ना गाडीवर."

"आज तू सोडशील, उद्या तुझा कुलदीप सोडंल, परवा कुणाला येळ नसंल. मंग मी खाटंवरच."

बाबूसिंगने शेवटी अट घातली. "ठीक हाय. उद्या कुणी परत आणलं न्हाई, तर तू मोकळी. आणलं, तर इथून पुढं एकटीनं जायचं नाव काढायचं न्हाई. आन् मोबाईल चालू ठेवायचा."

"पोचल्यावर चालू करीन. वाटंत तू घडीघडी वाजवतोस."

ठरलं. त्या दोघांचं ठरलं आणि काम संध्यावर येऊन पडलं.

तिने पडद्यावर अशी पानं उघडली, जी दोन वर्षांत कधी उघडली नव्हती. पहिल्याच पानावर तिला कळलं की बंद असलेल्या तीनशे चाळीस मोबाईलसाठी सोमवारचं नोटिफिकेशन अजून वाट पाहत थांबलं आहे. मोबाईल चालू झाला की ते वाजणार, आणि नवा भीमराज निघणार. त्या यादीत करडा ठिपका लावलेलं एक नाव होतं, नीलाबाई राठोड. नातवाने, कुलदीपने, दिलेला मोबाईल आजींनी बंद करून कनवटीला लावला होता. त्यांनी तो चालू केला असता, तर आपण हरवल्याचं त्यांना स्वतःलाच कळलं असतं.

संध्याने ते सगळे तीनशे चाळीस एका झटक्यात रद्द केले. मग जे पोचलं होतं त्याच्या मागे लागली. तासभर वाचल्यावर तिला सापडलं: प्रत्येक नोटिफिकेशनला एक क्रमांक असतो, आणि त्याच क्रमांकावर दुसरं पाठवलं की पडद्यावर पहिल्याच्या जागी दुसरं येतं. तिने फक्त भीमराजच्या मोबाईलवर पाठवून पाहिलं.

"आयला!" भीमराज ओरडला. "म्हातारी गेली! इथं 'चाचणी' आलं!"

संध्याने आनंदाने टेबलावर मूठ आपटली. पण मग कंडक्टर आठवला, बांगडीवाली आठवली. त्यांनी ते नोटिफिकेशन केव्हाच पुसलं होतं. ते आता त्यांच्या डोक्यात होतं आणि तिथे कुठलाच क्रमांक चालत नव्हता. त्यांच्यासाठी नवं काहीतरी लिहायला हवं होतं, वाचताक्षणी लक्षात राहील असं. तिने नेहमीचं वाक्य टाइप करून वाचून दाखवलं. "श्रीमती नीलाबाई राठोड सुखरूप सापडल्या आहेत."

"खोड ते."

"का, आजी?"

"सापडली म्हंजी एकदा हरवली व्हती. उद्या बसमधी दिसले की लोक म्हणतील, बघा, पुन्हा हरवली."

संध्याने खोडलं. मग नीलाबाई सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली. उद्या कुठे जाणार हे सगळ्या जगाला सांगायचं का, असं तिने दोनदा विचारलं.

"सांगून निघायची रीतच हाय आमची. एका नायकाला सांगत व्हते, आता चार हजारांना सांगते. हाय काय त्यात? आन् तो मढ्यावानी फोटो काढ. उभी राहते, नीट घे."

शनिवारी सकाळी साडेसातला संध्याने बटण दाबलं. गाठोडं कमरेवर घेऊन ताठ उभ्या असलेल्या नीलाबाई हिंगोली जिल्ह्यात सगळीकडे एकदम वाजल्या.

'नीलाबाई राठोड हरवल्या नव्हत्या. आज त्या सेनगावहून हट्ट्याला निघाल्या आहेत, नवरीला ढावलो शिकवायला. वाटेत दिसल्या तर राम राम करावा, बसायला जागा द्यावी. परत आणू नये.'

बाबूसिंग त्याआधीच येऊन बसला होता. आईच्या नजरेस पडू नये म्हणून तो पहाटेच कुणाला न बोलता मोटारसायकल काढून निघाला होता. आईचा मोबाईल बंद आहे हे ठाऊक असून तो दर पाच मिनिटांनी तिला फोन लावत होता. नऊ वाजता त्याच्याच मोबाईलचा जीव गेला. त्याच्या जाड पिनेचा चार्जर ऑफिसात नव्हता.

हरवलेलं माणूस दिसलं तर दाबायचं 'दिसल्या' हे बटण संध्याने मुद्दाम चालू ठेवलं होतं. सव्वानऊला ते पहिल्यांदा वाजलं.

'दिसल्या. सेनगाव. राम राम केला. त्यांनी आमच्या बैलाचं वय विचारलं.'

मग धडाकाच लागला. 'दिसल्या. हिंगोली बसस्थानक. मी तोच कंडक्टर. हट्ट्याच्या गाडीत खिडकीची जागा दिली, बुधवारची माफी मागितली.' 'दिसल्या. माझ्या शेजारीच बसल्यात. आरसे दाखवले.' 'औंढा. चहा पाजला, पुरा कप.' कुणीतरी आवाजही पाठवला होता. गाडीच्या घरघरीतून नीलाबाईंचा खडा सूर येत होता आणि मागे सात-आठ बायका अडखळत तो धरत होत्या. संध्याने आवाज वाढवला. खालच्या दुकानातले लोक जिन्यात येऊन उभे राहिले. बाबूसिंग तोंडावर रुमाल धरून बसला.

"हे म्हणत ती मला झोपवायची," तो म्हणाला. "मला वाटलं व्हतं इसरली असंल."

औंढ्यानंतर मात्र बटण गप्प झालं. साडेअकरा वाजले, बारा वाजले. गाडी तर कधीच पोचायला हवी होती. बाबूसिंग उठला, बसला, परत उठला.

"मॅडम, टाका पुन्हा. हरवली म्हणून टाका."

"नाही."

"माझी याडी हाय ती!"

"म्हणूनच नाही, दादा. त्यांनी शब्द दिलाय, पोचल्यावर चालू करीन म्हणून." तिने करड्या ठिपक्याचं ते एक नाव यादीत सगळ्यात वर आणून ठेवलं होतं. मग तिने माऊसवरचा हात काढून मांडीखाली दाबून ठेवला.

बारा सत्तावीसला ठिपका हिरवा झाला.

संध्या खुर्चीतून ताडकन उठली. "चालू केला! दादा, पोचल्या! बघा, आपलं नोटिफिकेशन त्यांच्याच मोबाईलवर वाजलं!"

तोच बटण वाजलं, त्याच मोबाईलवरून. 'दिसल्या. हट्टा. आमच्या मांडवात. वाटेत टायर फुटलं होतं, तोवर बाभळीखाली अख्ख्या गाडीला शिकवलं. आजी सांगते, मीच मला दिसले. लिहिणार कोमल.'

जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालचा दुकानदार पेढे आणायला पळाला. बाबूसिंग भिंतीला टेकून हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि दोन्ही एकदम करताना त्याची मोठी धांदल उडत होती.

"मोकळी झाली," तो म्हणाला. "आता काय ऐकती ती."

एवढ्यात पडद्यावर लाल चौकट आली. नवी विनंती. संध्याने सवयीने वाचायला घेतली, अर्ध्यावर थांबली, आणि पडदा हळूच बाबूसिंगकडे वळवला.

'हरवले आहेत : बाबूसिंग राठोड, वय ५२. पहाटेपासून घरी नाहीत. मोबाईल बंद. कळवणार : संगिता राठोड, पत्नी.'

खाली बटण तयार होतं. चार हजार तीनशे बारा मोबाईल, अर्धं मिनिट.

"पाठवू?" संध्याने विचारलं.

बाबूसिंगने आपल्या हातातल्या काळ्या पडलेल्या मोबाईलकडे पाहिलं. मग तो नीट उभा राहिला, शर्ट सारखा केला आणि हात पुढे केला.

"तुमचा फोन द्या, मॅडम. बायकोचा नंबर पाठ न्हाई मला. नायकाचा हाय."