मिठाची वाटी

पंच्याऐंशी साली सून प्रेमलता बोरगावच्या शाळेत मास्तरीण झाली, आणि त्याच काळजीनं सासरे भिवाजींचा बीपी चढला असं सासू जयवंता मोहल्लाभर सांगत फिरली. सौसरच्या डॉक्टरांनी मात्र मिठाचं विचारलं, तंबाखूचं विचारलं, मग वडिलांचं.

"बापालेही होता जी," भिवाजी पुटपुटले.

"मामाजीच्या बापाच्या वक्ती मी कोणत्या शाळेत होती, आत्याबाई?" प्रेमलतानं सासऱ्यांकडे बघत सासूला विचारलं.

घरी येताच तिनं सासऱ्यांच्या ताटाजवळची मिठाची वाटी उचलली आणि तंबाखूची पुडी चुलीत टाकली.

"राजीनामा लिहून राहिली ना?" जयवंतानं टोकलं.

"शाळेत जायले सायकलीत हवा भराले चालली. मामाजीले दुपारची गोळी तुमी द्या."

अळणी वरणाचा घास कसाबसा गिळत भिवाजी म्हणाले, "पंप कोठीत हाय, पोरी."